‘दमलो’ म्हणजे किती?

सकाळचे साडेसात. शाळेच्या मैदानावर पाचवीची मुले फेऱ्या मारीत आहेत. तिसरी फेरी संपता संपता अंगाने थोडा जड असलेला एक मुलगा थांबतो, गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि म्हणतो, ‘‘सर, दमलो.’’ पी.टी.चे सर तोंडातली शिट्टी काढून त्याच्याकडे पाहतात. ‘‘एवढ्यात? बाकीची मुलं बघ कशी पळताहेत. नाटक पुरे, अजून दोन फेऱ्या.’’ मुलगा पुन्हा पळू लागतो. पळतो म्हणण्यापेक्षा पाय ओढतो. संध्याकाळी हीच हकीकत घरी वेगळ्या शब्दांत पोहोचते : मुलगा आळशी आहे, खेळात लक्ष नाही. घरातील वडीलधारी मंडळीही मान डोलावतात.

सर दुष्ट नाहीत. पन्नास मुलांचा तास त्यांना अर्ध्या-पाऊण तासात उरकायचा आहे, आणि थांबलेला प्रत्येक मुलगा दमलेलाच असतो असे नाही, हा त्यांचा अनुभवही खोटा नाही. अडचण निराळी आहे. फेऱ्या मोजता येतात, वेळ मोजता येतो, नाडीचे ठोकेही मोजता येतात. त्या मुलाला आतून किती कष्ट पडत आहेत हे मात्र त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची कोणाची तयारी नाही. मुलाने आपल्या दमण्याविषयी दिलेले उत्तर खरेखुरे मोजमाप म्हणून धरता येईल काय, हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी गेल्या चार-पाच दशकांत गंभीरपणे हाती घेतला. त्याचा शोध घेताना त्यांना असे आढळले की, खोट मुलांच्या उत्तरात फारशी नव्हती; त्यांच्या हाती दिलेल्या मापात होती.

सहापासून वीसपर्यंत

या मोजमापाचा पाया घातला तो गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म १९२७ चा, निधन २०२० मध्ये. शारीरिक कार्यक्षमता आणि जाणवणारे श्रम हा त्यांच्या १९६२ च्या प्रबंधाचा विषय होता. श्रमाची जाणीव ही निव्वळ मनाची लहर नसून स्नायू, सांधे, फुप्फुसे आणि हृदय यांच्याकडून येणाऱ्या अनेक संदेशांची मेंदूने घातलेली बेरीज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बेरीज मेंदूने आधीच घातली असेल, तर ती माणसाला सरळ विचारून घ्यावी.

त्यासाठी त्यांनी केलेली मोजपट्टी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ती एकपासून सुरू होत नाही. ती सहावर सुरू होते आणि वीसवर संपते. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत. तेरा म्हणजे काहीसे जड. सतरा म्हणजे फार जड. वीस म्हणजे श्रमाची कमाल. हे आकडे का, याचे उत्तर हिशेबी माणसाला आवडेल असे आहे. निरोगी तरुण माणसाच्या हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० आणि कमाल श्रमात २०० च्या आसपास असतात. माणसाने सांगितलेल्या आकड्यापुढे एक शून्य ठेवले की त्याच्या नाडीचा ढोबळ अंदाज मिळावा, अशी ही मांडणी होती. तेरा म्हटले तर १३० ठोके, पंधरा म्हटले तर १५०. हृदयविकारानंतरच्या व्यायामात, तसेच ट्रेडमिलवरील चाचणीत, रुग्णाला असा आकडा विचारण्याची पद्धत जगभर रूढ झाली. वाचकांपैकी ज्या ज्येष्ठांनी अशी चाचणी करून घेतली आहे, त्यांना भिंतीवरचा तो तक्ता कदाचित आठवेलही.

मग हाच तक्ता मुलांपुढे धरण्यात आला, आणि मेळ बसेना.

पहिली अडचण आकड्यांची. आठ वर्षांचे मूल दहापर्यंतचे आकडे बोटांवर खेळवते. सहावर सुरू होऊन वीसवर संपणारी पट्टी त्याच्या जगात कुठेच नसते. दुसरी अडचण शब्दांची. ‘काहीसे जड’ आणि ‘जड’ यांतला फरक मोठ्या माणसालाही क्षणभर विचार करायला लावतो. धापा टाकणाऱ्या मुलाकडून त्याची अपेक्षा करणे म्हणजे जरा जास्तच. तिसरी अडचण शरीराची. मुलाचे हृदय लहान, म्हणून ते भरभर धडधडते. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे ठोके नुसते बसले असतानाही बहुधा ८० ते ९० च्या घरात असतात. सहावर शून्य ठेवून ६० करण्याची युक्ती तिथेच कोलमडते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. ‘२२० उणे वय’ हे कमाल ठोक्यांचे सूत्र अलीकडे मनगटावरच्या घड्याळांमुळे घराघरांत पोहोचले आहे, आणि हौशी पालक ते मुलांनाही लावतात. मुलांच्या बाबतीत ते चालत नाही. बालपणापासून किशोरवयाच्या मध्यापर्यंत कमाल ठोके साधारण २०० च्या आसपासच राहतात. दरवर्षी एकेक ठोका वजा होत जात नाही. घड्याळ हजारो रुपयांचे असले तरी त्यातले गणित मोठ्यांचे आहे.

या विषयातले एक मोठे नाव म्हणजे ओडेड बार-ओर. इस्रायलमध्ये घडलेले आणि पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात काम केलेले हे डॉक्टर मुलांच्या व्यायामवैद्यकाचे आद्य अभ्यासक मानले जातात. १९७० च्या दशकात त्यांनी निरनिराळ्या वयांच्या लोकांनी सांगितलेले आकडे ताडून पाहिले. हृदयावर त्याच प्रमाणात ताण असताना मुले मोठ्यांपेक्षा कमी आकडा सांगत असत. मैदानावरच्या सरांना मुले दमणे फुगवून सांगतात असे वाटते. प्रयोगशाळेत मुलांचा कल उलट बाजूचा दिसला. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे. एका मुलाचे ‘दमलो’ कोणी खरे मानत नाही, आणि दुसरे मूल शरीर थकले असतानाही ‘मी ठीक आहे’ म्हणून पळत राहते.

गाडीतल्या पिशव्या आणि डब्यातल्या गोट्या

१९९४ साली ब्रिटनमधील विल्यम्स, एस्टन आणि फर्लाँग या अभ्यासकांनी मुलांसाठी वेगळी पट्टी मांडली. ती एक ते दहा अशी होती आणि तिच्यातले शब्द मुलांच्या बोलण्याच्या जवळचे होते. एक म्हणजे अगदी अगदी सोपे. चारच्या आसपास जरासा जोर जाणवू लागतो, पाचला अवघड व्हायला सुरुवात होते. आणि दहा म्हणजे इतके अवघड की आता मी थांबणारच. ‘कमाल श्रम’ ही कल्पना मुलाला समजावून सांगावी लागते. ‘आता थांबणारच’ ही प्रत्येक मुलाने अनुभवलेली गोष्ट आहे. पुढे केव्हिन लॅम यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सायकलवर बसवून दोन्ही पट्ट्या ताडून पाहिल्या. मुलांच्या पट्टीवरचे आकडे शरीराच्या मोजमापांशी अधिक जुळले. मूल तेच, सायकल तीच, कष्टही तेवढेच. माप बदलले आणि साक्ष सुधारली.

तरी शब्द ते शब्दच. वाचन कच्चे असलेल्या मुलाचे काय? शिवाय प्रयोगशाळेत प्राणवायूचा वापर मोजण्यासाठी मुलाच्या तोंडाला मुखवटा किंवा नळी लावलेली असते. त्याला बोलताच येत नाही. तक्त्यावर बोट ठेवूनच उत्तर द्यावे लागते. म्हणून पुढची पायरी चित्रांची आली.

२००० साली वेल्समधील बँगर येथे काम करणाऱ्या रॉजर एस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले चित्र व्यापारी घरातल्या मुलाला तर पाहताक्षणी कळावे. एक मूल सायकल चालवीत आहे आणि सायकलमागे छोटी गाडी जोडलेली आहे. पहिल्या आकड्याला गाडीत थोडा भार. आकडा एकेकाने चढतो तशी गाडीतल्या पिशव्यांची संख्याही वाढते. तुझ्या गाडीत आता किती पिशव्या आहेत, एवढेच मुलाला विचारायचे. श्रमासारखी न दिसणारी गोष्ट वजनाच्या भाषेत आणली की, मुलाला ती तोलता येते.

या अभ्यासात विचारण्याची दिशाही उलटवली होती. सात ते दहा वर्षांच्या वीस मुलामुलींना आकडा विचारण्याऐवजी तो सांगण्यात आला : दोनइतके कष्ट वाटतील असा भार ठेव, आता पाचइतके, आता आठइतके. चार आठवड्यांत हीच चाचणी चार वेळा झाली. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत मुलांचा ‘पाच’ बराच हलत होता. पुढच्या खेपांत तो स्थिर होत गेला. सरावाने मुले आपल्या श्रमाचे माप अधिक नेमके घेऊ लागली. याचा दुसरा अर्थ असा की, पहिल्याच दिवशी मुलाने दिलेल्या आकड्यावरून त्याला खोटे ठरवणे हे अन्यायाचे आहे. नवीन नोकराच्या हाती तराजू दिला तर त्याची पहिली चार वजने मालक पुन्हा तपासतो. त्याला लबाड म्हणत नाही.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचे रॉबर्ट रॉबर्टसन यांनी त्याच वर्षी ‘ऑम्नी’ नावाची पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात शून्य ते दहा असे आकडे आहेत आणि चढणीवर सायकल चालवणारे मूल आहे. पायथ्याशी ते ताठ बसलेले, माथ्याशी पार वाकलेले. शब्द ‘मुळीच दमलो नाही’ येथपासून ‘खूप खूप दमलो’ येथपर्यंत. आठ ते बारा वर्षांच्या ऐंशी मुलांवर ती पडताळली गेली. त्यांत मुलगे आणि मुली, गोरी आणि आफ्रिकी वंशाची अमेरिकी मुले, प्रत्येक गटात वीस अशी रचना होती. एकच पट्टी सर्वांना चालते की नाही, हे पाहणे हा हेतू होता. ती चालली. पुढे चालणे-धावणे, पायऱ्या चढणे, वजन उचलणे अशा वेगवेगळ्या व्यायामांसाठी तिची चित्रे निराळी काढण्यात आली.

रॉबर्टसन यांनी मुलांना तीन वेळा विचारले : पायांत किती, छातीत किती आणि एकूण किती? सायकल चालवताना पायांचा आकडा छातीच्या आकड्यापेक्षा वर राहिला. वरवर हे क्षुल्लक वाटेल, पण मैदानावरच्या त्या मुलाकडे परत पाहिले की याचे महत्त्व कळते. ‘दमलो’ या एका शब्दात त्याचे जड झालेले पायही असू शकतात आणि अडकलेला श्वासही. दोहोंचा उपाय एक नाही.

सगळ्यांत साधी आणि मनात राहणारी कल्पना मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातली आहे. एस्टन तेव्हा इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठात होते. लॅम्ब्रिक आणि रोलंड्स या सहकाऱ्यांसह त्यांनी सात-आठ वर्षांच्या पंधरा मुलांना सायकलवर बसवले आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. दर मिनिटाला मुलाने आपले कष्ट दोन तऱ्हांनी सांगायचे होते. एक, चित्राच्या पट्टीवर. दुसरी तऱ्हा म्हणजे गोट्या! जितके कष्ट वाटतील तितक्या गोट्या. आकडा नाही, शब्द नाही, वाचन नाही.

आणि गोट्यांनी एक गोष्ट उघड केली. भार सारख्या पायऱ्यांनी वाढत होता, पण गोट्या सारख्या पायऱ्यांनी वाढत नव्हत्या. सुरुवातीच्या टप्प्यांत थोड्या थोड्या, आणि शेवटाकडे मुठीने. आलेख काढला तर सरळ रेषेऐवजी वर वळत जाणारी कमान दिसे. घाटाच्या पायथ्याचा एक किलोमीटर आणि माथ्याजवळचा एक किलोमीटर अंतराने सारखे असले तरी पायांना सारखे नसतात, हे चालणाऱ्याला ठाऊकच असते. एस्टन आणि गेनर पार्फिट यांच्या नावाने ओळखली जाणारी पट्टी याच विचाराने काढलेली आहे : तिच्यातली चढण सरळ नाही, ती वर जाता जाता अधिकाधिक उभी होते. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, त्या पट्टीवरचे मुलांचे आकडे सरळ रेषेतही जवळजवळ तितकेच चांगले बसले होते. कमानीचा फायदा तिथे निसटताच होता. पण मैदानापुरता त्यातला अर्थ मोठा आहे. ‘अजून एकच फेरी’ म्हणणाऱ्याच्या हिशेबी पाचवी फेरी ही पहिल्या फेरीइतकीच असते. मुलाच्या हिशेबी ती तशी नसते.

जड अंगाच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब आणखी विषम होतो. धावताना प्रत्येक पावलाला स्वतःचे वजन उचलावे लागते. बारीक मुलाची जी सहज धाव, ती त्याच्या एकूण ताकदीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. दोघे एकाच वेगाने पळत आहेत असे बाहेरून दिसते. एकाच्या गाडीत चार पिशव्या आहेत आणि दुसऱ्याच्या आठ. अशा मुलाला रोज शेवटपर्यंत ताणले तर त्याला व्यायामाची नावड लागते, आणि ज्याला व्यायामाची सर्वांत अधिक गरज आहे तेच मूल मैदानापासून दूर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे किती, हे सांगताना त्याच संघटनेने वेगाचा आधार घेतलेला नाही. शून्य ते दहाच्या पट्टीवर, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या कुवतीच्या मानाने, पाच किंवा सहा म्हणजे मध्यम. सात किंवा आठ म्हणजे जोरकस. म्हणजे जड मुलाने भरभर चालून गाठलेला ‘सहा’ हा बारीक मुलाने पळून गाठलेल्या ‘सहा’ इतकाच खरा व्यायाम आहे.

श्वासाचे माप वेगळे

दम्याचा त्रास असलेल्या मुलांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण तिथे चुकीची किंमत मोठी असते. कॅनडात हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी एक चित्रमाला २००५ साली प्रसिद्ध झाली. दमा असलेली, सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आजाराची आणि निरोगी अशा तिन्ही प्रकारच्या मुलांबरोबर तिचे काम झाले. तिच्यात श्वास घेण्याचे कष्ट, छाती आवळल्यासारखी वाटणे आणि घसा बंद होत असल्यासारखे वाटणे यांची चित्रे वेगवेगळी आहेत. मोठी माणसे या सगळ्याला ‘धाप’ म्हणून मोकळी होतात.

मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो. ‘दम लागला’, ‘दमलो’ आणि ‘दमा’ हे तीन शब्द एकमेकांना इतके चिकटून आहेत की, मुलाच्या तोंडून एक निघाला तर ऐकणाऱ्याने दुसराच घ्यावा. पाय भरून येणे, धाप लागणे, छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, कंटाळा येणे, या सगळ्यांसाठी दहा वर्षांचे मूल ‘दमलो’ हा एकच शब्द वापरील. म्हणून ‘कुठे दमलास?’ हा प्रश्न ‘किती दमलास?’ या प्रश्नाइतकाच उपयोगी आहे. पोटरीकडे बोट गेले तर थोडा वेळ चालत राहणे पुरते. छातीकडे किंवा गळ्याकडे बोट गेले तर थांबवावे. आणि व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर आकडा विचारीत बसण्याची वेळ ती नव्हे. ते काम डॉक्टरांचे.

शिवाय दम्याच्या काही रुग्णांना श्वासनलिका आवळल्याची जाणीवच कमी होते, हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. असे मूल ‘तीन’ म्हणेल आणि त्याची फुप्फुसे काही वेगळेच सांगत असतील. मुलाची साक्ष खरी मानायची, याचा अर्थ ती एकमेव मानायची असा नाही. जमाखर्चात रोकड आणि खातेवही एकमेकांशी ताडून पाहतात, तसे आकडा, श्वास आणि चेहरा एकत्र पाहावेत. ज्या मुलाला दोन शब्द बोलल्यावर श्वास घ्यावा लागतो, त्याने ‘तीन’ सांगितले तरी ते तीन नव्हेत.

मुले आकडा कधी कधी जाणूनबुजूनही वाकवतात. मित्रांसमोर कमी सांगतात, कंटाळा आला की जास्त सांगतात, सरांना बरे वाटावे म्हणून मधला आकडा सांगतात. म्हणूनच चाचणी घेणारे अभ्यासक आरंभीच मुलाला सांगतात की, येथे बरोबर किंवा चूक उत्तर नाही. सात वर्षांखालच्या मुलांच्या आकड्यांवर फारसे विसंबू नये. क्रमाने लावणे, तुलना करणे ही समज साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास पक्की होते. त्याआधीच्या मुलाला चित्र दाखवले तर ते बहुधा त्याला आवडलेल्या चित्रावर बोट ठेवील. एवढ्या लहान मुलांना मोजण्याचे कारणही नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या मोकळ्या खेळाची दर तीन सेकंदांनी नोंद केली गेली. त्यांच्या जोरकस हालचालींपैकी बहुतेक सर्व पंधरा सेकंदांच्या आतच संपत होत्या. मूल झेप घेते, थांबते, पुन्हा झेप घेते. त्याची विश्रांतीची व्यवस्था त्याने स्वतःच लावलेली असते. ती बिघडते ती आपण त्याला शिट्टीच्या तालावर पाच फेऱ्या मारायला लावतो तेव्हा.

घरातली पट्टी

घरी हे करून पाहायला ना यंत्र लागते ना पैसा. शून्य ते दहा आकडे आणि चढण चढणारे एक मूल, एवढे चित्र मुलाकडूनच काढून घ्यावे. शब्दही त्यालाच घालू द्यावेत, कारण पिट्सबर्गची इंग्रजी वाक्ये भाषांतरित करून मराठी मुलाच्या गळ्यात उतरणार नाहीत. एखादा मुलगा दहाला ‘मेलो’ लिहील, एखादी मुलगी ‘बास झालं’ लिहील, दोन्ही चालतील. मात्र दोन टोके आधी पक्की करावीत. शून्य म्हणजे खुर्चीत बसून गोष्ट ऐकताना वाटते तसे. दहा म्हणजे आजवर तू सर्वांत जास्त दमला होतास तसे. जे मूल कधी पुरते दमलेच नाही त्याला दहा कसे कळणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून एखाद्या दिवशी जिना किंवा टेकडी मनसोक्त पळत चढून त्याला ते टोक एकदा अनुभवू द्यावे. त्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. सरावाचा तो काळ आहे.

उन्हाळ्यात आकडा चढतो, हेही लक्षात ठेवावे. जानेवारीत पाच असलेली धाव एप्रिलच्या दुपारी सात होते. वेग तोच असतो. शरीराला पळण्याबरोबर थंड राहण्याचेही काम करावे लागते.

अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी खेळाडूंसाठी रूढ केलेली एक रीत घरच्या हिशेबाला फार सोयीची आहे. व्यायाम संपल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने एकूण सत्र किती कष्टाचे वाटले तो आकडा विचारायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. चाळीस मिनिटांचे पोहणे आणि आकडा सहा, तर २४०. दीड तासाचे क्रिकेट आणि आकडा चार, तर ३६०. आजकाल एकाच मुलाला सकाळी पोहण्याचे शिक्षक, दुपारी शाळेचे सर आणि संध्याकाळी क्रिकेटचे प्रशिक्षक असतात. प्रत्येकाला आपला तासच ठाऊक असतो आणि तीन खात्यांची बेरीज कोणीच मारीत नाही. ती घरात मारता येते. आठवड्याची बेरीज अचानक वाढली आणि मूल गुडघा दुखतो म्हणू लागले, तर प्रशिक्षकाशी बोलायला हाती काही तरी असते.

त्या पाचवीतल्या मुलासाठी वहीचे एकच पान पुरे आहे. तारीख, किती फेऱ्या, किती वेळात, आणि त्याने स्वतः सांगितलेला आकडा. सुरुवातीला दोनच फेऱ्या, तीही चालणे-पळणे मिळून, पाच-सहाच्या पुढे आकडा जाणार नाही अशा बेताने. काही आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळात, त्याच दोन फेऱ्यांपुढे तो मुलगा सहाऐवजी चार लिहितो. वजनकाट्यावर तोवर काही हललेलेही नसते. पानावर मात्र ते दिसते, आणि ते सगळ्यांत आधी त्यालाच दिसते. तिसरी फेरी मारू का, हे मग तोच विचारतो.